ग्रंथपालाविना ग्रंथालय

(शाळेच्या ग्रंथालयाचा प्रभार सांभाळणाऱ्या शिक्षकांसाठीच्या हस्तपुस्तिकेची प्रस्तावना)

ही हस्तपुस्तिका ज्यांच्या हाती पडेल, त्यांच्यापैकी जवळपास कुणाच्याच नेमणुकीच्या आदेशावर ग्रंथपाल असं लिहिलेलं नाही. कुणी तिसरीचे वर्गशिक्षक आहेत, कुणी गणित-विज्ञान शिकवतात, कुणाकडे शालेय पोषण आहाराचा हिशोब आहे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा कामांची वाटणी होताना मुख्याध्यापकांनी त्यांच्या नावापुढे आणखी एक काम लिहिलं, ते म्हणजे ग्रंथालय. त्याबरोबर एक किल्ली आली, एक दाखल नोंदवही आली आणि आधीच्या प्रभारी शिक्षकांची सही असलेला ताबा-कागद आला. हे काम करायचं कसं, हे मात्र कुणी सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्यालाही ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

आंधळगाव हे मोहाडी तालुक्यातलं मोठं गाव, कोशाच्या कापडासाठी ओळखलं जाणारं. कोष्ट्यांच्या घरांतून इथे पिढ्यान्‌पिढ्या माग चालत आले. भोवती धानाची शेती आहे. रोवणीच्या दिवसांत वर्गात मुलं कमी दिसतात, हे इथल्या शिक्षकांना नवं नाही. या गावी आसपासच्या शाळांमधले प्रभारी शिक्षक वेळोवेळी जमले, आपापल्या कपाटांविषयी बोलले, आणि त्या बोलण्यातून, भांडणांतूनही, या पुस्तिकेचं टाचण तयार झालं. मी स्वतः शाळेत ग्रंथपाल म्हणून नोकरी केलेली आहे, म्हणून मला बोलावलं होतं. शिकवायला गेले, पण या शिक्षकांच्या अडचणी ऐकल्यावर माझ्या पदविकेतला बराच भाग बाजूला ठेवून मला नव्यानं विचार करावा लागला.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेत काय काय असायलाच हवं याची यादी त्याच्या अनुसूचीत आहे. तिच्यात ग्रंथालय आहे. वर्तमानपत्रं, मासिकं आणि सर्व विषयांची पुस्तकं, गोष्टींचीसुद्धा, शाळेत असावीत असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. शिक्षक किती असावेत हे त्याच अनुसूचीत पटाच्या हिशोबानं ठरवलेलं आहे. सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकही सांगितले आहेत. ग्रंथपाल मात्र त्या यादीत नाही. पुस्तकं आपोआप मुलांपर्यंत चालत जातील असं कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलेलं दिसतं.

माध्यमिक शाळांची गोष्ट थोडी वेगळी, पण फार वेगळी नाही. शिक्षकेतर पदांसाठी महाराष्ट्रात चिपळूणकर समितीचे निकष आले. त्यांत ग्रंथपालाचं पद पटाला बांधलं गेलं : पाचशेच्या पुढे अर्धवेळ ग्रंथपाल, हजाराच्या पुढे पूर्णवेळ. शहरातल्या मोठ्या शाळेला हा हिशोब परवडतो. साडेचारशे पटाच्या खेड्यातल्या हायस्कुलाला त्यातून काहीच मिळत नाही. आणि जिथे पद आहे तिथेही ते शिक्षकेतर गणलं जातं, म्हणजे शाळेच्या लेखी ग्रंथपाल हा शिकवणारा माणूस नाही. माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगानं १९५३ च्या अहवालात याच्या अगदी उलट सांगून ठेवलं होतं. बहुतेक शाळांची ग्रंथालयं नावापुरती आहेत, प्रशिक्षित ग्रंथपाल हवा, त्याचा दर्जा इतर शिक्षकांच्या बरोबरीचा हवा आणि शिक्षकांनाही ग्रंथालयाच्या कामाचं मूलभूत शिक्षण द्यायला हवं, असा त्याचा आशय. केंद्रीय विद्यालयांनी हे मानलं. तिथल्या ग्रंथपालाची वेतनश्रेणी प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाइतकीच असते. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतल्या केंद्रीय विद्यालयात शिकणारं मूल आणि आंधळगावात शिकणारं मूल एकाच भंडारा जिल्ह्यातली, पण एकाच्या शाळेत पुस्तकांसाठी नेमलेला माणूस आहे आणि दुसऱ्याच्या शाळेत नाही. मला हा साधा अन्याय वाटतो आणि तो तसाच म्हणावा असं माझं मत आहे.

पैसा अजिबात येत नाही असंही नाही. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी दरवर्षी अनुदानाची तरतूद आहे. शाळा किती इयत्तांची आहे यावर ते साधारण ५ हजारांपासून २० हजार रुपयांपर्यंत ठरतं. पण पुस्तकं निवडायची कुणी, हा प्रश्न आला की घाईघाईनं यादी केली जाते, किंवा तयार गठ्ठा येतो. मुलांची पुस्तकं न वाचलेल्या माणसानं मुलांसाठी पुस्तकं निवडली की काय होतं, हे पुढे सांगणारच आहे.

आपल्याकडे या कामाचं शिक्षण कधी सुरूच झालं नाही, असं मात्र कुणी समजू नये. त्याची सुरुवात फार जुनी आणि फार चांगली आहे, आणि तिच्यात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाळेतून बाहेर पडलेला मुलगा वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं विसरून जातो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९१० साली अमेरिकेच्या प्रवासातून त्यांनी विल्यम ॲलन्सन बोर्डन या ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. बोर्डननी दुसऱ्याच वर्षी, १९११ मध्ये, ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. आपल्या देशातला अशा प्रकारचा हा पहिला वर्ग. ते १९१३ मध्ये परत गेले आणि पुढचं काम जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी माणसानं हाती घेतलं. १९१२ पासून तिथून एक ग्रंथालयविषयक त्रैमासिक निघत असे, त्यात इंग्रजी आणि गुजरातीच्या बरोबरीनं मराठीचाही विभाग होता. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ग्रंथालयाच्या कामावर मराठीत नियमित लिहिलं आणि वाचलं जात होतं.

बडोद्याच्या दोन गोष्टी आपल्या कामाशी फार जवळच्या आहेत. एक म्हणजे फिरत्या पेट्या. मजबूत लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तकं बसवायची, ती गावच्या शाळामास्तरांकडे किंवा एखाद्या जबाबदार माणसाकडे पाठवायची, काही महिन्यांनी ती परत घेऊन दुसरी द्यायची. दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. त्या ग्रंथालय खात्यात दृश्य शिक्षणाची एक स्वतंत्र शाखा होती. जादूच्या कंदिलाच्या काचा, दोन डोळ्यांनी पाहायची जोडचित्रं आणि सिनेमाचं यंत्र घेऊन तिची माणसं गावोगाव जात. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ग्रंथालयातून काही मिळालं पाहिजे, ही त्यामागची भूमिका. पुस्तक, चित्र आणि पडदा या तिन्हींची जबाबदारी एकाच खात्यानं घ्यावी, हे बडोद्यानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आपण पुढे ती वेगवेगळ्या खात्यांत वाटली आणि आज शाळेत पुस्तकांचं कपाट एकाकडे, टीव्ही संच दुसऱ्याकडे आणि टॅब तिसऱ्याच्या कुलपात असतात.

बडोद्यानंतरची हकिगत थोडक्यात सांगते. तेव्हाच्या मुंबई सरकारनं १९३९ मध्ये फैजी समिती नेमली, तिनं प्रांतभर ग्रंथालयांची योजना मांडली. मुंबई विद्यापीठात १९४४ मध्ये ग्रंथपालनाची पदविका आली, नागपूर विद्यापीठात १९५० नंतरच्या दशकात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, तो १ मे १९६८ पासून लागू झाला आणि ग्रंथालय संचालनालय उभं राहिलं. आज दहावी झालेल्या माणसालाही जिल्हा ग्रंथालय संघाच्या वर्गात बसून संचालनालयाची प्रमाणपत्र परीक्षा देता येते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घेता येते. या वाटांनी हजारो माणसं शिकली आणि गावोगावची वाचनालयं त्यांनी चालवली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. हे सगळं शिक्षण सार्वजनिक आणि महाविद्यालयीन ग्रंथालयं डोळ्यांपुढे ठेवून आखलेलं. वर्गीकरण, तालिकीकरण, देवघेव, संदर्भसेवा, अंदाजपत्रक यांवर त्याचा भर. वाचक स्वतः येतो, काय हवं ते सांगतो, ते शोधून द्यायचं, अशी कल्पना त्याच्या मुळाशी आहे. सात वर्षांचं मूल असं येत नाही. त्याला काय हवं ते त्यालाच माहीत नसतं, कारण पुस्तकात काय काय असू शकतं हे त्यानं अजून पाहिलेलंच नाही. घरात पाठ्यपुस्तक आणि कॅलेंडर एवढंच छापील असेल तर ते कुठून पाहणार? त्याच्यासाठी पुस्तक उघडून वाचून दाखवणारं कुणीतरी लागतं. ते शिक्षण मला माझ्या पदविकेत मिळालं नव्हतं, आणि डी.एड. किंवा बी.एड.लाही ते सहसा मिळत नाही. दोन प्रकारच्या प्रशिक्षणांच्या मधल्या फटीत शाळेचं ग्रंथालय पडलेलं आहे. ती फट थोडी तरी बुजावी, एवढाच या पुस्तिकेचा हेतू.

आंधळगावच्या बैठकीत एक पूर्ण दुपार आम्ही एकच काम केलं : एक कपाट रिकामं केलं. सतरंजी अंथरली आणि आतलं सगळं तिच्यावर काढलं. खालच्या खणातल्या पुस्तकांना वाळवी लागलेली, ती आधी अंगणात नेली. मग एकेक पुस्तक हातात घेऊन सगळ्यांनी पाहिलं. एकाच थोर पुरुषाच्या चरित्राच्या कितीतरी प्रती निघाल्या, बारीक टायपातल्या, एकाही चित्राविना. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं निघाली, जुन्या अभ्यासक्रमाच्या व्यवसायमाला निघाल्या, कायद्याचं एक जाडजूड पुस्तक निघालं, ते प्राथमिक शाळेत कसं आलं हे कुणालाच सांगता येईना. आणि सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून, रंगीत चित्रपुस्तकांचा एक गठ्ठा होता, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात. दाखल नोंदवहीत त्यांची नोंद होती. दाखल क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत, सगळे रकाने सुवाच्य अक्षरांत भरलेले. ज्यांच्यासाठी ती घेतली त्या मुलांनी दरम्यान शाळाही सोडली असणार.

ज्या शिक्षिकेकडे त्या कपाटाचा प्रभार होता त्या गप्प झाल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘‘मॅडम, फाटली तर भरून कोण देईल, याचीच भीती होती जी.’’ बाकीच्यांपैकी कुणीही त्यांना बोल लावला नाही, कारण प्रत्येकाच्या शाळेत हीच भीती होती. पडताळणीत पुस्तक कमी निघालं तर किंमत आपल्या पगारातून जाईल, या एका धास्तीनं महाराष्ट्रातल्या किती कपाटांना कुलपं लागलेली आहेत याचा विचार केला तर वाईट वाटतं. म्हणून या पुस्तिकेत पहिलं प्रकरण हरवलेल्या आणि फाटलेल्या पुस्तकांवर आहे. क्रमाच्या दृष्टीनं ते शेवटी यायला हवं, असं एका वडीलधाऱ्या ग्रंथपालांनी सुचवलं होतं. मी ते मानलं नाही. केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम असं सांगतात की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी समजावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हे नियम केंद्राच्या संस्थांसाठी आहेत हे खरं. पण पुस्तकं वापरली तर झिजणार आणि त्यातली थोडी जाणार, हे ज्या सरकारनं लेखी मान्य केलं आहे त्याच्या नियमाचा आधार घेऊन शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करता येतो. जीर्ण पुस्तकांचं निर्लेखन कसं करायचं, ठरावाचा मसुदा काय असावा, शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं, हे सगळं त्या प्रकरणात दिलं आहे. भीती गेल्याशिवाय पुढचं काही शिकवून उपयोग नाही, हे आम्ही त्या दुपारी शिकलो.

वर्गीकरणाचं प्रकरण मुद्दाम लहान ठेवलं आहे. ड्यूईची दशांश पद्धत सुंदर आहे आणि हायस्कुलात ती वापरावी. पण दोनशे-तीनशे पुस्तकांच्या प्राथमिक शाळेत तिची गरज नाही. पुस्तकाच्या पाठीवर रंगीत पट्टी लावली, चित्रपुस्तकांना एक रंग, थोड्या मजकुराच्या गोष्टींना दुसरा, सलग वाचायच्या पुस्तकांना तिसरा, माहितीच्या पुस्तकांना चौथा, तर पहिलीचं मूलही पुस्तक घेऊन पुन्हा जागेवर ठेवू शकतं. पुस्तकं उभी न रचता मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवावीत, नाहीतर दोरीवर टांगावीत. देवघेवीची वही पाचवी-सहावीच्या मुलामुलींकडे द्यावी. ती जबाबदारी मुलं किती काटेकोरपणे सांभाळतात, हे पाहून आमच्यातले काही शिक्षक चकित झाले. कुलूप असलेलं कपाट ज्यांच्याकडे आहे त्यांनी निदान ते शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत उघडं राहील अशी व्यवस्था करावी. मुक्तद्वार पद्धत म्हणतात ती हीच.

पुस्तिकेचा सगळ्यांत मोठा भाग वाचून दाखवण्यावर आहे. वाचून दाखवणं सोपं वाटतं, म्हणून त्याची तयारी कुणी करत नाही. आमच्यातले एक सर चित्रपुस्तक घेऊन वर्गापुढे उभे राहिले आणि आपण धडा वाचतो तसं पुस्तक स्वतःकडे धरून वाचू लागले. चित्रं त्यांच्याकडे, मुलांच्या वाट्याला फक्त मुखपृष्ठ. मग त्यांना सांगितलं की खाली बसा, पुस्तक खांद्याच्या बाजूला मुलांकडे तोंड करून धरा, आधी घरी दोनदा वाचून या, म्हणजे नजर पानाला चिकटून राहणार नाही. लेखकाचं नाव सांगा, चित्रं काढणाऱ्याचंही सांगा. पान उलटण्यापूर्वी थांबा. त्यांनी तसं केलं आणि वर्ग पुढे सरकला. गोष्ट संपल्यावर मात्र सवयीनं विचारलं, ‘‘तर मुलांनो, या गोष्टीतून आपण काय शिकलो?’’ लगेच मुलांच्या पाठी ताठ झाल्या, हात घडीत गेले आणि दोन हुशार मुलांनी बोध सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हा प्रश्न टाळला. पुस्तक मिटून नुसते बसून राहिले. थोड्या शांततेनंतर एक मुलगी म्हणाली की प्रत्येक चित्रात कोपऱ्यात एक मांजर आहे आणि शेवटच्या चित्रात ते दिसत नाही, ते काहून? सरांनी ते मांजर पाहिलंच नव्हतं. सगळ्यांनी मिळून पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून पाहिलं. त्या पुढच्या वीस मिनिटांत मुलांनी जे अंदाज बांधले, वाद घातले, चित्रातले पुरावे दाखवले, ते भाषेच्या कुठल्याही स्वाध्यायात मला दिसलेलं नाही.

हे कौशल्य परिपत्रकातून येत नाही. आंधळगावात माग शिकणारं पोर आधी शेजारी बसून कांड्या भरतं, हात पाहतं, मग कधीतरी धोटा त्याच्या हाती येतो. वाचून दाखवणंही असंच, चांगलं वाचणाऱ्याच्या शेजारी बसून शिकायचं. आपल्याकडे हे जाणणारी माणसं आहेत. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी मुलांना वाचायला शिकवणं आणि मुलांची पुस्तकं यांची सांगड घातली. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याला नीलेश निमकरांच्या ‘क्वेस्ट’ संस्थेचे तरुण कलाकार ‘गोष्टरंग’मधून मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी शाळांमध्ये सादर करतात. पणजीत २००५ मध्ये सुरू झालेली ‘बुकवर्म’ संस्था गोव्यातल्या शाळांत ग्रंथालयाचे तास घेते. टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमानं शाळा-ग्रंथालयांत काम करणाऱ्यांसाठी काही महिन्यांचा अभ्यासक्रम चालवला, त्यात शिकणाऱ्यानं आपल्याच ग्रंथालयात प्रयोग करून पाहायचा असतो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे : शिकणाऱ्याला आधी स्वतः मुलांची भरपूर पुस्तकं वाचायला लावतात. आम्हीही तेच केलं. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आमच्यातल्या निम्म्याहून अधिक शिक्षकांनी त्या बैठकीतच पहिल्यांदा हातात घेतली, आणि ‘किशोर’ मासिक १९७१ पासून बालभारती काढते आहे हे माहीत असूनही त्याचे अंक पूर्ण वाचलेले फारच थोडे होते. शिक्षकांवर टीका करावी म्हणून हे लिहीत नाही. त्यांच्या प्रशिक्षणात कुणी ती पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवलीच नाहीत.

बोलीविषयीचं प्रकरण काहींना अनावश्यक वाटेल. मला ते अत्यंत गरजेचं वाटतं. इथली मुलं झाडीबोली बोलतात, तिच्यात ळच्या जागी र येतो आणि णच्या जागी न. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास केला, तिच्या साहित्याची चळवळ उभी केली. पण शाळेच्या कपाटात या बोलीचं पुस्तक सहसा नसतं. जिथे विकत मिळत नाही तिथे ते शाळेत तयार करावं. आजीनं सांगितलेली गोष्ट, दंडारीतला एखादा प्रसंग, खडीगंमतीतली माणसं, कोशाचे किडे येनाच्या झाडावर कसे वाढवतात याचं ढिवर समाजातल्या एखाद्या आजोबांनी केलेलं वर्णन, हे मुलांनी त्यांच्याच बोलीत लिहून, चित्रं काढून, शिवून पुस्तक करावं आणि त्याला रीतसर दाखल क्रमांक द्यावा. नोंदवहीत लेखक म्हणून स्वतःचं नाव पाहिलेलं मूल पुस्तकाला परकं मानत नाही.

आता माध्यमांकडे येते. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ मध्ये स्थापन झाली आणि दूरदर्शनवरून एका अख्ख्या पिढीनं तिचे कार्यक्रम पाहिले. २०१७ मध्ये ती बंद पडली. मराठी मुलांसाठी मराठी माणसांनी केलेल्या शैक्षणिक चित्रफितींचा तो मोठा साठा होता आणि अशी संस्था बंद होऊ देणं ही आपली चूक होती असं मला वाटतं. आज पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आहे, तो मोबाइलनं टिपला की दीक्षा ॲपवरचं साहित्य उघडतं. यूट्यूबवर तर मोजदाद नाही. साहित्याचा तुटवडा संपला, निवडीचा प्रश्न आला. कुठला व्हिडिओ चौथीच्या मुलांना दाखवण्यासारखा, त्यातली माहिती बरोबर आहे का, तो आठ मिनिटांचा असेल तर कुठे थांबवून काय विचारायचं, त्याच विषयावरचं पुस्तक आपल्या कपाटात आहे का, हे ठरवणारा माणूस शाळेत कोण? अमेरिकेत आणि इतरत्र गेल्या अर्धशतकात शालेय ग्रंथपालाच्या कामात हे सगळं धरलं गेलं आणि त्याचं प्रशिक्षणही तसंच बदललं. आपल्या प्रभारी शिक्षकानं निदान एवढं करावं की चांगल्या सापडलेल्या दृकश्राव्य साहित्याचीही नोंद पुस्तकांसारखीच ठेवावी : विषय, इयत्ता, कालावधी, कुठे मिळालं, कुणी वापरलं, मुलांचं काय झालं. पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावं, कारण ऐन तासाला रेंज जाते.

हायस्कुलातल्या मुलांसाठी आणखी एक काम आहे. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला फोटो किंवा मजकूर खरा की खोटा हे तपासायला शिकवणं हे आता संदर्भसेवेचाच भाग आहे. एक शिक्षक मोबाइल दाखवून म्हणाले, ‘‘हे आमचं काम नाही, मोबाइल तर आम्ही शाळेत आणूच देत नाही.’’ पण त्याच मुलांच्या हातात शाळा सुटल्यावर मोबाइल असतो. लेख कुणी लिहिला, कधीचा आहे, फोटो आधी कुठे छापून आला होता, हीच बातमी दुसऱ्या वर्तमानपत्रात कशी आली आहे, हे प्रश्न विचारायला शिकवायला यंत्र लागत नाही. एकाच दिवसाची दोन वर्तमानपत्रं पुरतात, आणि वर्तमानपत्र शाळेत असायला हवं असं कायद्यानंच सांगितलं आहे. या पाठाचा नमुना पुस्तिकेत आहे.

वाचन प्रेरणा दिनाविषयीही थोडं लिहिते. डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, १५ ऑक्टोबरला, २०१५ पासून आपण तो पाळतो. त्या दिवशी पुस्तकं बाहेर येतात, फोटो निघतात, अहवाल जातो. दिवस चांगला आहे, तो पाळावा. पण ग्रंथालयाला आठवड्याचा ठरलेला तास हवा. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंही तो सुचवला होता. वेळापत्रकात तो छापलेला असेल तर तो इतर विषयांच्या राहिलेल्या धड्यांसाठी कुणी उचलून नेणार नाही, निदान उचलताना विचारेल तरी.

एवढं सगळं प्रभारी शिक्षकाला सांगून त्याच्यावर आणखी एक ओझं टाकायचं आणि पदाची मागणी सोडून द्यायची, असा या पुस्तिकेचा अर्थ कुणी काढू नये. शिक्षकानं हे काम मनापासून केलं तरी त्याचे वर्गातले तास सुटत नाहीत. प्रत्येक लहान शाळेला ग्रंथपाल मिळणार नाही, हे आम्ही समजतो. पण आपल्याकडे शाळांची केंद्रं आहेत आणि केंद्रप्रमुखही आहेत. एका केंद्राला एक प्रशिक्षित ग्रंथपाल द्यावा, त्याच्याकडे केंद्रातल्या सगळ्या शाळांमध्ये फिरणाऱ्या पेट्या असाव्यात, आठवड्यातून एकदा त्यानं प्रत्येक शाळेत जाऊन एक तास स्वतः घ्यावा आणि प्रभारी शिक्षकाला शेजारी बसवून घ्यावं. बडोद्यानं शंभर वर्षांपूर्वी बैलगाडी आणि रेल्वेच्या आधारानं पेट्या फिरवल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेच्या पुस्तकांच्या पेट्या आज परदेशातल्या मराठी घरांपर्यंत जातात. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, जो १९९९ पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्याचा भाग होता, नवेगावबांधला पुस्तकांचं गाव करण्याचं सरकारनं ठरवलं. मग मोहाडी तालुक्यातल्या एका केंद्रात दोन वर्षं हा प्रयोग करून पाहायला काय हरकत आहे? खर्चाचा अंदाज आणि कामाचं आठवडावार वेळापत्रक परिशिष्टात जोडलं आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीपुढे आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेपुढे ते ठेवण्यासाठीच लिहिलं आहे, तेव्हा ज्यांना पटेल त्यांनी त्याच्या प्रती काढून आपल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह पाठवाव्यात.

पुस्तिका वाचण्याविषयी एकच सूचना. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ती वाचायची गरज नाही. आधी निर्लेखनाचं प्रकरण वाचा आणि ठराव करून घ्या. मग पुस्तकांच्या यादीतली कुठलीही पाच पुस्तकं मिळवून स्वतः वाचा. वाचून दाखवण्याचं प्रकरण त्यानंतर हाती घ्या, आणि जमलं तर एखाद्या सहकाऱ्याला वर्गात मागे बसवून.